फळीला लावलेला कौल

आमच्या घरात शिडाची फळी आली ती बाबांच्या सभ्यपणामुळे. बाबा ज्या कारखान्यात मशीन शॉपचे सुपरवायझर होते तिथे एक जर्मन साहेब होता. एकदा त्याच्या बंगल्यावर चहाला गेलेले असताना व्हरांड्यात भिंतीशी उभी केलेली एक लांबलचक पांढरी फळी बाबांनी पाहिली, आणि साहेबाशी काहीतरी बोलायला हवं म्हणून ते 'व्हेरी नाइस' म्हणाले. पुढे जर्मन कंपनीने भागीदारीतून अंग काढून घेतलं, साहेबाने गाशा गुंडाळला आणि घरातलं सामान हाताखालच्या लोकांना वाटून टाकलं. कोणाला फ्रीज मिळाला, कोणाला गालिचा, स्टोअरकीपरला तर साहेबाचा कुत्रा मिळाला. बाबांना फळी मिळाली, कारण त्यांची 'आवड' साहेबाच्या लक्षात होती. फळी, केशरी पट्ट्यांचं शीड, ते उभं करायची काठी, हाताने धरायचा वाकडा दांडा आणि एक जाड दोरी असा सगळा संसार टेम्पोतून धायरीला आमच्या दारात उतरला. आईने तो खालपासून वरपर्यंत पाहिला. "फ्रीजला का नाही व्हेरी नाइस म्हणालात?" एवढंच ती म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

फळी जिन्यात वळेना, म्हणून ती पार्किंगमध्ये आडवी पडून राहिली. चार दिवसांत सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिच्यावर सुवाच्य अक्षरात कागद चिकटवला, 'होड्या पाण्यात ठेवाव्यात ही विनंती.' तेव्हा आमच्याकडे दूध घालायला गऊबाई यायची. आमच्या जवळच्या धरणाची भिंत ओलांडून पुढे गेलं की पाण्याच्या काठालाच तिचं घर आणि म्हशींचा गोठा होता. फळी तिच्या गोठ्यात गेली, आणि आम्ही सगळे ती विसरूनही गेलो.

पुढल्या वर्षी कारखान्याने बाबांना स्वेच्छानिवृत्ती दिली. तिच्यात स्वेच्छा कोणाची होती हे मला आजतागायत कळलेलं नाही. बाबा पन्नाशीच्या अलीकडे होते. माझं बी.एस्सी. चाललं होतं. आम्ही पेठेतल्या दोन खोल्या सोडून धायरीत फ्लॅट घेतला होता, तोही कारखान्याच्या भरवशावर, आणि 'मला गावात आणून टाकलं' हे आईचं पालुपद तेव्हा जोरात होतं. खरं तर धायरी तेव्हा गावच होती. सकाळी कोंबडे आरवायचे, मग पाण्याचा टँकर यायचा आणि बायकांची भांडणं व्हायची. दुपारी शेजारच्या घरात नव्याने आलेल्या केबलवर कोणीतरी सतत नाचत असायचं. आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये यवतमाळकडची चार मुलं भाड्याने राहायची. त्यातली दोन एमआयडीसीत होती आणि दोन कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. त्यांच्या खिडकीतून फोडणीच्या जळक्या मिरच्यांचा ठसका वर यायचा आणि आई खोकत म्हणायची, "या पोरांना कोणीतरी दोन वेळचं जेवायला घाला हो."

बाबा बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचे. पहिले काही महिने ते पेपरातल्या जाहिरातींवर पेन्सिलीने खुणा करत. मग पेन्सिल सुटली, नुसता पेपर राहिला. जुन्या ओळखीच्या एका माणसाने निरोप पाठवला होता की गिअरची ड्रॉइंग्ज करणारा अनुभवी माणूस हवा आहे, जागा तुमचीच समजा, पण आता ड्रॉइंग कॉम्प्युटरवर करतात, तेवढं शिकून घ्या. क्लास आमच्या फाट्यावरच होता. बाबा एकदा जाऊन बाहेरूनच परत आले. आत माझ्या वयाची मुलं बसली होती म्हणे. ती काचेतून दिसली आणि यांचा पाय उंबऱ्यातून आत पडेना. आईने आडून विचारून पाहिलं, सरळ विचारून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग दिवाळीनंतर एका दुपारी, आम्ही तिघं पिठलंभात खात असताना, बाबा अचानक म्हणाले, "ती गऊबाईच्या गोठ्यातली फळी. साहेब म्हणायचा, ज्याला चालता येतं त्याला त्या फळीवर उभं राहता येतं. मी शिकणार. उभा राहून शीड धरून या काठापासून जरा दूर गेलो, की दुसऱ्या दिवशी क्लासला नाव घालतो."

आईचा घास हातातच राहिला. तिचं माहेर कोकणातलं. तिथे लग्न जमवायचं असो की विहीर खणायची असो, आधी देवीच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल लावतात. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. बाबा जन्मभर या प्रकाराला हसत आले होते. आई म्हणाली, "देवीला कौल लावला तर आम्ही अडाणी. आणि तुम्ही फळीला लावताय."

"तसं समज," बाबा म्हणाले आणि त्यांनी पिठलं मागून घेतलं.

मला मात्र त्या दिवशी आनंद झाला होता. कित्येक महिन्यांनी बाबांनी जेवताना काही मागून घेतलं होतं. आईलाही तो झाला असावा, कारण संध्याकाळी खालच्या मुलांपैकी विलास नावाचा मुलगा वर आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "काकू, तुमी आमाले डबा द्यान का? चौघायचा. आमाले काहीबी चालते जी," तेव्हा तिने त्याला ना हो म्हटलं, ना नाही. "संक्रांतीपर्यंत थांब," ती म्हणाली, "मग सांगते." आमच्या नात्यात शिक्षक होते, कारकून होते, एक मामलेदार होते, पण पैसे घेऊन परक्याला जेवू घालणारं कोणी नव्हतं. खानावळ हा शब्द आई दबक्या आवाजात उच्चारायची. बाबा उभे राहिले तर तो शब्द घरात येणार नव्हता, आणि नाही राहिले तर येणार होता. हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

थंडी त्या वर्षी चांगलीच होती. आता धायरीत पंखे जानेवारीतही फिरतात, तेव्हा तसं नव्हतं. सकाळी नळाचं पाणी बोटांना चावायचं. बाबांनी कोणाला तरी विचारून ठरवलं होतं की नवशिक्याने वारा मंद असतो तेव्हाच, म्हणजे उन्हं वर आली की लगेच पाण्यात उतरावं. थंड पाण्यात उतरायचं तर परदेशात रबराचा अंगाबरोबर बसणारा पोशाख घालतात, असं साहेबाकडून त्यांनी ऐकलेलं होतं. असला पोशाख लक्ष्मी रोडवर कुठे मिळणार? आईने तिच्या परीने तोड काढली. ती पितळेच्या वाटीत तिळाचं तेल कोमट करायची, बाबांना पाटावर बसवायची आणि छाती, पाठ, दंड, पोटऱ्या, तळपाय सगळं चोळचोळून काढायची. नरकचतुर्दशी आमच्याकडे रोज उजाडायला लागली. वरून हाताने विणलेला लोकरीचा स्वेटर आणि खाकी हाफपँट. "तेलावर पाणी ठरत नाही, मग थंडी कशी आत जाईल?" असं तिचं शास्त्र होतं. बाबा निमूट बसायचे. नोकरी गेल्यापासून त्या दोघांमध्ये टँकर आणि भाजीपलीकडे बोलणं उरलं नव्हतं. तेवढा वेळ मात्र ती पुटपुटत राहायची, 'किती वाळलात, हाडं लागतात हाताला,' आणि ते हं हं करायचे. मी कपड्यांची पिशवी भरता भरता ते ऐकायची.

मग आम्ही दोघं स्कूटरवरून निघायचो. माझं काम फळीचं एक टोक उचलून पाण्यापर्यंत न्यायचं, आणि नंतर काठावर उभं राहून बघायचं. पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा असायचा, पलीकडचे डोंगर अर्धेच दिसायचे. बाबा गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन फळीवर गुडघे टेकायचे, मग हळूच उभे राहायचे, वाकून दोरी ओढायचे. शीड पाण्यात पसरलेलं असायचं, ते उचलताना पाणी पिऊन जड व्हायचं. ते निम्मं वर यायचं, बाबांचा पाय सरकायचा आणि दोघंही पाण्यात जायची. पुन्हा वर, पुन्हा पाण्यात. लोकरीचा स्वेटर भिजून गुडघ्यापर्यंत लोंबायचा. ओठ निळे पडले की ते बाहेर यायचे आणि गऊबाईच्या चुलीपुढे बसायचे. ती त्यांना बिनसाखरेचा कोरा चहा द्यायची आणि मला म्हणायची, "पोरी, तुझा बा म्हशीवानी डुंबतोय की गं. म्हस तरी खुशीनं डुंबती. ह्येला कोण बळंच ढकलतंय का?"

"शिकतायत ते," मी म्हणायची.

"शिकू दे बया. पन आमच्या म्हशीस्नी लाज वाटाया लागलीय."

घरी आलो की आई दारातच उभी असायची. "जमलं?" "नाही." रोज तेच दोन शब्द. मग ती गरम पाणी काढायची आणि बाजरीची भाकरी तव्यावर टाकायची. डिसेंबर गेला. बाबा बारीक होत चालले, त्यांना खोकला जडला, आणि आई तेल आणखी जोराने चोळायला लागली.

तेलाचा शोध मला अगदीच अपघाताने लागला. एक दिवस फळी गोठ्यात ठेवताना माझाच हात तिच्यावरून घसरला आणि कोपर दगडावर आपटलं. उन्हात तिरकं पाहिलं तर फळीचा पाय ठेवायचा सगळा भाग लखलखत होता. दीड-दोन महिन्यांचं तिळाचं तेल त्या खडबडीत पृष्ठभागात मुरलं होतं. मी बोट लावून वास घेतला आणि तिथेच हसत सुटले. एवढी सोपी गोष्ट! बाबांना तोल नाही, वय झालं, वारा चुकीचा, असं काय काय आम्ही म्हणत होतो, नाचता येईना अंगण वाकडं म्हणून गऊबाई चिडवत होती, आणि इथे अंगणालाच तेल लावलेलं!

दुसऱ्या दिवशी मी गऊबाईच्या चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन फळी घासघासून पांढरीफेक केली. मग बाबांना दगडावर बसवलं आणि म्हटलं, "पाय पुढे करा." त्यांनी पाय मागे घेतले.

"राहू दे गं मंजू. तेल काय, रोजचंच आहे."

"बाबा, तेलामुळेच घसरताय तुम्ही."

"तसं काही नसतं."

मी ऐकलं नाही. त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि राखेने घासले, अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत. ते धरणाकडे बघत बसले होते. खुश होतील, पाठीवर थाप मारतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा दवाखान्यात इंजेक्शनची वाट बघणाऱ्या माणसासारखा होता.

त्या सकाळी धुकं लवकर विरलं होतं आणि पाण्यावर बारीक सुरकुत्या उठतील एवढाच वारा होता. बाबा फळीवर चढले, दोरी हातात घेतली. शीड निथळत वर आलं. पाय हलले नाहीत. त्यांनी एक हात दांड्यावर टाकला, मग दुसरा, आणि ते केशरी शीड एकदम पोटात वारा घेऊन फुगलं. फळी निघाली. आमचे बाबा, विणलेल्या स्वेटरमधले, हाफपँटमधले, ताठ उभे होते आणि धरणाच्या पाण्यावरून चालले होते. गऊबाई शेणाचे हात तसेच घेऊन काठावर आली आणि म्हणाली, "आगं माझे आई." लांबवर जाऊन त्यांनी शीड सोडलं, फळीवर खाली बसले आणि हातांनी वल्हवत, बऱ्याच वेळाने, परत आले. मी पाण्यात पळत गेले. मी रडत होते, हसत होते, आईला कधी सांगते असं मला झालं होतं. क्लासला कुठला शर्ट घालायचा इथपर्यंत माझं मन जाऊन पोचलं होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फळी काठाला लावून त्यांनी अंगातला स्वेटर काढला. तो कोरडा होता, नुसता बाह्यांशी ओलसर. ते गुडघाभर पाण्यात परत गेले, वाकले, आणि तो स्वेटर त्यांनी पाण्यात बुडवला. नीट, दोन्ही हातांनी दाबून, कपडे धुवायला घेतल्यासारखा बुडवला. मग पिळला आणि रोजच्यासारखा पिशवीत भरला. मी समोरच उभी होते. हाफपँटही त्यांनी पाण्यात बसून भिजवली. त्यांनी मला काही सांगितलं नाही, आणि गप्प बस असंही म्हटलं नाही. स्कूटर सुरू करताना एवढंच म्हणाले, "नीट बस. रस्ता खराब आहे."

घरी आई दारात होती. "जमलं?"

"नाही," बाबा म्हणाले.

मी ओल्या कपड्यांची पिशवी आईच्या हातात दिली. आईने आणलेला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भाकरी उलटायला गेली. त्या दिवशी भोगी होती. तीळ लावलेली भाकरी, लोणी, आणि हरभरा, गाजर, वांगं, पावटा घातलेली भाजी. बाबा मान खाली घालून जेवले. दुसऱ्या दिवशी संक्रांतीचं हळदीकुंकू आटपल्यावर आई जिना उतरून खाली गेली आणि विलासला म्हणाली की उद्यापासून चौघांचे डबे घेऊन जा.

पुढे ते चाराचे चाळीस झाले. विदर्भातली किती मुलं तिच्या हातचं खाऊन कॉम्प्युटर शिकली आणि अमेरिकेला गेली याची गणती नाही. 'काकू, जरा तिखट घालत जा न जी,' म्हणणाऱ्यांसाठी तिने वेगळा ठेचा ठेवायला सुरुवात केली. खानावळ हा शब्द आमच्या घरात मोठ्याने बोलला जाऊ लागला. बाबा डबे भरून द्यायचे, कांदे चिरायचे, पोळ्या मोजायचे. कोणी त्यांना टाकून बोललं नाही आणि त्यांनीही कोणाचं मन दुखावलं नाही. पण ते पुन्हा धरणावर गेले नाहीत, क्लासला गेले नाहीत, आणि बाल्कनीतल्या त्या खुर्चीतून खऱ्या अर्थाने कधी उठले नाहीत. गऊबाई फळीवर उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायची.

मी स्वतः पुढे तीसेक वर्षं कॉम्प्युटरसमोरच काढली. नवा माणूस हाताखाली आला, जरा वयाने मोठा, पडद्यावरचा बाण सापडत नाही म्हणून घामाघूम झालेला, की मला बाबांचे ते राखेने घासलेले पाय आठवायचे. सगळा जन्म मशीन शॉपमध्ये काढलेला माणूस. जमिनीवर तेलाचा थेंब दिसला तर आधी त्यावर भुसा टाकायला लावायचा आणि मग दुसरं बोलायचा. तेल लावलेल्या तळव्यांनी उभं राहता येत नाही हे त्यांना माझ्याकडून कळायचं होतं? त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी कौल लावला तोच 'नाही' यावा म्हणून, आणि मी राख घेऊन गेले. त्यांना भीती वाटत होती, दुसरं काही नाही. मला त्यांचा राग आला होता, बरीच वर्षं होता. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे आले आहे आणि राग कुठे ठेवला ते आठवत नाही. त्याच्या जागी जे आहे ते काही रागापेक्षा हलकं नाही.

बाबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, आई ऐंशीला टेकली होती तेव्हा, एका हिवाळ्यात आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. बोलता बोलता मी म्हणाले, "आई, त्या भोगीच्या दिवशी बाबा उभे राहिले होते. चांगले लांबवर गेले होते."

तिचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे मला. पिशवीतला स्वेटर ओलाचिंब आणि डोकं कोरडं ठाक."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? केस कोरडे कसे म्हणून विचारलं असतं, तर दुसऱ्या दिवशी डोकं बुडवून आले असते." तिने दाणे पातेल्यात टाकले आणि नवी शेंग उचलली. "आणि पाणी फार गार होतं गं."